एक गाठ तांबडा, दोन गाठी हिरवा

मास्तर, परवा सांगोल्याच्या बाजूला एका घोंगडीवाल्याच्या घरी मी खोटं बोलून आलो आणि तेव्हापासून तुम्ही माझी पाठ सोडायला तयार नाही. बाप थकलेला, दोन मुलगे, घरात चार माग. आपल्यानंतर हे कुणी चालवायचं ते सांगा म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. हल्ली अशी बोलावणी मला फार येतात. मी तुमच्याच पद्धतीनं तीन दिवस गेलो, तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला सांगितलं की मागावर धाकट्याला बसवा आणि बाजार थोरल्याकडे द्या. म्हाताऱ्यानं मान डोलावली. थोरला मात्र माझ्यामागं स्टँडपर्यंत चालत आला. गाडी यायला वेळ होता. तो म्हणाला, "तुमाला काय जातंय सांगाया! तुमी सोता थोरलं का धाकलं?" मी म्हणालो, थोरला. "मंग घरचा धंदा तुमच्याच हातात आला असंल की." मी म्हणालो, "होय, आला." तो थुंकला आणि निघून गेला. गाडीत बसल्यावर माझे कान तापले होते. एवढ्या वयात, एवढे पांढरे केस घेऊन, फसवलं गेल्यासारखा चेहरा झालेल्या एका पोराला मी सरळ खोटं सांगितलं होतं. आणि तो चेहरा मी ओळखत होतो, कारण चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी तो माझाच होता आणि तुम्ही समोर उभे होता.

तुम्हाला हे काम कुणी दिलं, हे मला कधीच कळलं नाही. म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतला मास्तर, खादीची टोपी, एका बाजूला तारेनं बांधलेला चष्मा, खिशात तपकिरीची डबी आणि तिला लागूनच खडूचा तुकडा, त्यामुळे शिंक आली की रुमालावर दोन्ही. पण गावात कुणाचं दुकान, कुणाचा घाणा, कुणाचे माग असोत, बाप थकला की तो रविवारी सकाळी तुमच्या ओट्यावर येऊन बसायचा. कारण उघड होतं. त्याचे मुलगे तुमच्याच हाताखाली शिकलेले असायचे. कोण पाटी विसरतो, कोण दुसऱ्याची पुसतो, कोण पडलेल्याला उचलतो, हे बापाला नसेल एवढं तुम्हाला ठाऊक होतं. तरी तुम्ही ओट्यावर बसून कधी काही सांगितलं नाहीत. तुम्ही त्या घरी जायचात, लागोपाठ तीन दिवस. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात बसून जेवायचं आणि बायकांशी बोलायचं. दुसऱ्या दिवशी कामाच्या जागी जायचं, बाह्या वर करून हाताला लागेल ते काम करायचं. मालकाशी बोलणं तिसऱ्या दिवशी. कुणी पहिल्याच दिवशी आपलं गाऱ्हाणं सुरू केलं तर तुम्ही हात वर करायचात, वर्गात करायचात तसाच, आणि तो पन्नाशीचा माणूस गप्प बसायचा. जो निकाल व्हायचा तो बापानंच सांगायचा, दिवसाउजेडी, सगळ्यांच्या समोर, बायकांनाही बाहेर बोलावून. आणि सांगून झाल्यावर सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं. जेवण झाल्याशिवाय कुणी उठून जायचं नाही, ही तुमची अट होती. मी आजही ती अट घालतो. परवा थोरला जेवला, पण मान वर न करता.

आमचा रंगाचा कारखाना तुम्हाला आठवत असेल. कारखाना म्हणायचं एवढंच, पत्र्याची लांब पडवी, तिच्यात चुलाणांवर पाच हंडे, मागं विहीर आणि विहिरीच्या पलीकडं लडी वाळत घालायचे बांबू. गिरणीचा पहिला भोंगा झाला की आबा चुलाण पेटवायचे. रंग जर्मनीहून मुंबईमार्गे डब्यांतून यायचे, डब्यांवर काय लिहिलंय ते आबांना वाचता येत नसे, पण झाकण उघडून चिमूटभर पूड पाण्याच्या वाटीत टाकली की ते नेमकं सांगायचे. मागवाल्यांच्या गल्लीतून पांढऱ्या सुताच्या लडी यायच्या. पांढऱ्या लडी सगळ्या सारख्याच, मग कुठली कुठल्या हंड्यात घालायची? म्हणून एक खूण ठरलेली होती. लडीला बांधलेल्या दोऱ्याला एक गाठ म्हणजे तांबडा, दोन गाठी म्हणजे हिरवा, तीन म्हणजे निळा. ही खूण आमच्या आजोबांपासूनची. गाठी मारायला आई बसायची, आणि तिच्या बोटांचा वेग बघत मी तिच्याशेजारी कितीतरी दुपारी काढल्या आहेत. आजही डोळे मिटले की त्या पडवीतला वाफेचा, ओल्या सुताचा आणि जळणाचा वास येतो. विहिरीच्या बाजूनं वारा आला की ओल्या लडींचे थेंब अंगावर उडायचे आणि आमच्या सदऱ्यांवर कधीच एक रंग टिकायचा नाही. तसं सुख मला पुढं कुठं मिळालं नाही, हे मी अगदी मनापासून लिहितो.

आणि दसरा! खंडेनवमीला हंडे राखेनं घासून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून ठेवायचे. दसऱ्याला त्या वर्षाची पहिली लड मालकानं बुडवायची. ज्या बाभळीच्या काठीनं रंग ढवळायचा ती काठी आजोबांच्या हातची, टोकाला काळीकुट्ट झालेली. आजोबांनी एका दसऱ्याला ती आबांच्या हातात दिली, त्या दिवसापासून आबा मालक. कागद नाही, सही नाही. आबांनंतर ती माझ्या हातात येणार हे मी चालायला लागल्यापासून ऐकत होतो. कुणी पाहुणा आला की आबा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "ह्यो आमचा काठीवाला." माझं नाक तेव्हापासूनच भलतंच वर होतं.

आता ते लिहितो जे तुम्हाला माहीत होतं आणि तुमच्याशिवाय कुणालाच नव्हतं. मला तांबडं आणि हिरवं वेगळं दिसत नाही. दोन्ही एकाच मातकट रंगाची दिसतात, ओली लड तर जास्तच. लहानपणी वाटायचं सगळ्यांना असंच दिसत असेल आणि बाकीचे आपले जास्त हुशार असतील. तुमच्या वर्गात जिल्ह्याचा नकाशा रंगवायचा होता. मी रानं तांबडी केली. पोरं हसली. मी टिंगल करतोय असं समजून तुम्ही उजव्या हातावर छडी मारलीत. पुढं चार दिवस तुम्ही मला उगाच कपाटातली पुस्तकं आणायला पाठवत होता, तांबड्या पुठ्ठ्याचं आण, हिरव्या पुठ्ठ्याचं आण. मी दोनदा चुकलो. आठवड्यानं शाळा सुटल्यावर तुम्ही मला थांबवलंत आणि रंगीत खडूंची एक पेटी हातात ठेवलीत, त्याच उजव्या हातात. प्रत्येक खडूला कागदाची पट्टी गुंडाळलेली आणि तिच्यावर तुमच्या अक्षरात तांबडा, हिरवा, पिवळा, निळा. "पट्ट्या काढू नकोस," तुम्ही म्हणालात, "हाताला खडू लागत नाही त्यानं." एवढंच. मी घरी येऊन त्या पट्ट्या पुन्हा पुन्हा वाचल्या आणि मला रडू आलं. ते आनंदाचं होतं की भीतीचं, हे मला त्या वयात सांगता आलं नसतं. आपल्याला काहीतरी कमी आहे, मास्तरांनी ते ओळखलंय आणि ते कुणाला सांगणार नाहीत, एवढं कळलं. त्या दिवसापासून कारखान्यात मी रंगांकडं बघणंच सोडलं आणि गाठी बघायला लागलो. हंड्यांच्या जागा ठरलेल्याच होत्या. एक गाठ तांबडा, दोन गाठी हिरवा. दहाबारा वर्षं मी आबांच्या शेजारी असा वावरलो आणि आबांना शंकासुद्धा आली नाही.

मग ती लग्नसराई आली. आबा आणि आई कुंभारीला एका लग्नाला दोन दिवस गेले होते, माझा धाकटा भाऊ जळण आणायला गाडी घेऊन गेलेला, आणि पडवीत मी एकटा मालक. एका नव्या मागवाल्या घरच्या लडी आल्या होत्या. सगळ्या तांबड्या करायच्या असं त्या घेऊन आलेल्या बाईनं दारातच सांगितलं होतं, आणि मी नेहमीसारखा फुशारकीनं मान डोलावून ते कानाआड केलं. मला तोंडी सांगितलेलं लागतच नव्हतं, माझ्याकडं गाठी होत्या. पण त्या गाठी आईच्या नव्हत्याच. त्या घरात प्रत्येक मागाच्या सुताला वेगळ्या गाठी मारायची रीत होती, पहिल्या मागाला एक, दुसऱ्याला दोन. मी एक गाठीच्या तांबड्या केल्या, दोन गाठींच्या हिरव्या केल्या आणि सगळ्या एकाच बांबूवर शेजारीशेजारी वाळत घातल्या. वर त्यांच्यासमोर उभा राहून विडीसुद्धा ओढली. धाकटा गाडी घेऊन आला आणि बांबूपाशीच थबकला. "दादा," तो म्हणाला, "ही आर्डर तर समदी तांबडी होती न्हवं?" मला समोर एकच रंग दिसत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग लडींकडं, मग परत माझ्याकडं. पुढं त्यानं एक शब्द विचारला नाही. हिरव्यावर तांबडा चढत नाही, म्हणून त्यानं त्या हिरव्या लडी काळ्या रंगात बुडवल्या, निदान सूत तरी वाया जाऊ नये म्हणून. लग्नाच्या लुगड्यांचं सूत काळं! दुसऱ्या दिवशी आबा आले, ती बाईही आली. आबांनी विचारलं, "कुणी केलं ह्ये?" मी तोंड उघडायच्या आत धाकटा म्हणाला, "म्या केलं, आबा." आबांनी त्या बाईच्या देखत त्याच्या थोबाडीत मारली. तो सतरा वर्षांचा होता, मिसरूड फुटलेली होती. मी तिथंच उभा होतो, काठीला टेकून.

त्याच वर्षी आबांची छाती दुखायला लागली आणि भाद्रपदात ते तुमच्या ओट्यावर आले. तुम्ही आमच्या घरी येणार हे कळल्यावर मला जेवण जाईना. तुम्ही एक वाक्य बोलायचा अवकाश, मी या घरात पाहुणा झालो असतो. पहिल्या दिवशी तुम्ही चुलीपाशी पाटावर बसून भाकरी खाल्लीत, शेंगांच्या चटणीत दही घालून घेतलंत आणि आईला म्हणालात, "वहिनी, मला एवढंच सांगा, काम बिघडलं की या घरात पहिली हाक कुणाला जाते?" आई म्हणाली, "धाकट्याला की. त्यो बोलत न्हाय म्हून." मी दाराआड होतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही पडवीत आलात, बाह्या वर केल्यात आणि धाकट्याबरोबर लडी पिळायला लागलात. तुमचं धोतर निळं झालं. तिथं तुमचं आणि त्याचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, वाफेपलीकडं फक्त तुमची टोपी हलताना दिसत होती. तिसऱ्या दिवशी आबांनी सगळ्यांना विहिरीपाशी बोलावलं. हात जोडून उभे राहावं तसे ते उभे होते. "मास्तर म्हंत्यात," ते म्हणाले, "हंड्यावर धाकट्यानं बसावं. थोरल्याचं तोंड चांगलं हाय, त्यानं भायेरचं बघावं, मागवाल्यांची घरं सांभाळावी. मला बी पटतंय. दसऱ्याला काठी धाकट्याच्या हातात."

मी काय बोललो ते तुम्ही विसरला असाल अशी आशा मी बरीच वर्षं केली. मी म्हणालो, "मास्तरांनी शाळेतली पोरं मोजावीत. रंगाचं त्यांना काय कळतंय?" आई "आरं, आरं" करत पुढं आली. आबांचा हात उचललेला तसाच राहिला. आणि तुम्ही, मास्तर, तुम्ही चष्मा काढून धोतराला पुसलात, कालच्याच धोतराचा सुटणारा निळा रंग काचेला लागला, तो चष्मा तसाच डोळ्यांवर चढवलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "खरं आहे. मला रंगाचं फारसं कळत नाही." माझ्या वाटणीचं वाक्य तुम्ही स्वतःच्या नावावर घेतलंत. मला तेव्हा जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं होतं, पण चेहरा मी तसाच ताठ ठेवला. मी पंगतीला बसलो नाही. तुमची अट मोडणारा मी पहिलाच असेन. तुम्ही जेवून निघालात तेव्हा मी दाराशी होतो. चपला घालताना तुम्ही हळूच म्हणालात, "राग येणारच. पण तो भावावर काढू नकोस. त्याला एकदा झालंय तेवढं पुरे." म्हणजे थपडेचं तुम्हाला कळलं होतं. त्यानं सांगितलं की तुम्ही ओळखलंत, ते मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

दर दसऱ्याला तुमच्या घरी आपट्याचं सोनं द्यायला विद्यार्थ्यांची रांग लागायची. मी त्या वर्षी आलो नाही. पुढच्याही वर्षी नाही. असे पाच दसरे गेले. सहाव्याच्या आधी मी वेळापूरकडं एका लग्नाच्या सुताची मागणी घ्यायला गेलो होतो, परत आलो तेव्हा तुम्ही गेला होता, सगळं आटोपलं होतं. तुमच्या घरी गेलो तर काकू म्हणाल्या, "दर दसऱ्याला विचारायचे, रंगवाला आला का म्हणून." मी त्यांच्या पाया पडलो आणि बाहेर येऊन तुमच्याच ओट्यावर बसून रडलो. तुम्ही जे सांगितलं होतंत ते तोवर अक्षरशः खरं झालं होतं. मी मागवाल्यांच्या घरोघर फिरत होतो, त्यांच्याशी मोडकंतोडकं तेलुगू बोलत होतो, कुणाच्या घरी कधी लग्न निघणार ते त्यांच्याआधी मला कळत होतं. धाकटा हंड्यावरून उठत नव्हता आणि त्याच्या तांबड्याला अक्कलकोटच्या पलीकडून मागणी येत होती. घरोघर फिरताना लोक मला आपली भांडणं सांगायला लागले. कुणाचा बाप काठी सोडत नव्हता, कुणाचे दोन भाऊ एका गादीवर बसत होते. मी आधी नुसतं ऐकायचो. एकदा सहज तुमच्यासारखा स्वयंपाकघरात जाऊन बसलो, आणि मग ते कामच गळ्यात पडलं. आता आमच्या हंड्यावर धाकट्याची सून आहे. तिला काठी द्यायची हे मीच सांगितलं, तीन दिवस स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा वावरून. लोक हसले. तिचे हात बघितल्यावर हसायचे थांबले.

या दसऱ्याची गोष्ट राहिली. धाकट्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत, ऑपरेशनला तो घाबरतो, मीही फार आग्रह करत नाही. तरी पहिली लड हंड्यातून निघाली की ती आधी त्याच्या हातात द्यायची, हे सुनेनं ठरवूनच टाकलंय. तिनं दिली. त्यानं ती पिळली, झटकली, नाकाशी नेली. मग बोटांनी चाचपत दोऱ्याची गाठ शोधली, लड फिरवून ती गाठ नेमकी माझ्या बाजूला केली आणि लड माझ्यासमोर धरली. "दादा, बघ की, चढलाय का तांबडा नीट?" एक गाठ होती. मी म्हणालो, "चढलाय. लई झाक." तो हसला, "मंग झालं." आणि मास्तर, मला एकदम आठवलं. तो लड मला नेहमी अशीच देत आलाय. आबा असताना, आबा गेल्यावर, मागवाल्यांच्या दारात, बाजारात, गाठ कायम माझ्या बाजूला. एवढी वर्षं मला वाटत होतं की मी चलाखी करतोय.

तेव्हा सांगोल्याच्या त्या पोराला मी जे सांगितलं ते पुढच्या खेपेला जाऊन दुरुस्त करीन, एवढा शब्द देतो. बाकी हे पत्र तुमच्या नावानं लिहिलं खरं, पण तुम्हाला यातलं काय नवीन आहे? ज्याला सांगायचं तो पलीकडच्या खोलीत दुपारचा पडलाय, खोकतोय, मला ऐकू येतंय. तुमच्या खडूंच्या पेटीत मी हे कागद ठेवून देईन. त्याला वाचता येणार नाही, उठून जाऊन तोंडानंच सांगावं लागेल, आणि नेमकं तेच मला जमत नाही. ती थप्पड माझी होती, एवढं एकच वाक्य त्याला सांगायचं होतं, ते मी तुम्हाला लिहीत बसलो.